मोजून दिलेली ऊब

जर्मनीच्या पूर्वेस लाउझित्स प्रांतात आणि पश्चिमेस कोलोन नगराच्या आसपास जमिनीखाली जो तपकिरी कोळसा पसरलेला आहे, तो खनिज इंधनांच्या कुळात फार हलक्या दर्जाचा मानला जातो. कारण खाणीतून निघतो तेव्हा त्याच्या वजनाचा निम्मा किंवा त्याहूनही अधिक भाग पाणीच असते, हातात घेतला तर तो ओलसर मातीसारखा चुरतो, उघड्यावर टाकला तर वाळता वाळता त्याचा भुगा होतो, आणि वाघिणीत भरून लांब पाठवावा तर निम्मे भाडे पाण्यापायी खर्ची पडते. असल्या या जिनसेने सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मध्य युरोपातील लक्षावधी घरांच्या खोल्या तापविल्या, दोन महायुद्धांतून आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या टंचाईतून माणसांना तारून नेले, आणि एका संपूर्ण राज्याचा जमाखर्च आपल्या पाठीवर पेलला. हे घडले ते त्या कोळशाला विटेचे रूप मिळाले म्हणून. उष्णतेच्या हिशेबात दगडी कोळसा त्या विटेपेक्षा पुष्कळच सरस. परंतु तिचा आकार ठरलेला, वजन ठरलेले आणि जळण्याचा वेळही बहुतांशी ठरलेला, आणि या नियतपणामुळेच ऊब ही वस्तू प्रथमच मोजून देता येऊ लागली, ही गोष्ट मला तिच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते.

यंत्रे येण्यापूर्वीही ऱ्हाइनकाठचे शेतकरी हा कोळसा जाळीतच होते. उथळ खड्ड्यांतून काढलेला चुरा पाण्यात कालवून, तुडवून, कुंडीसारख्या साच्यात भरून तो उपडा करीत आणि उन्हावाऱ्यात वाळवीत. आपल्याकडे आयाबाया शेणात भुसा कालवून गोवऱ्या थापीत आणि पावसाळ्यापूर्वी त्यांची उडवी रचून ठेवीत, त्याच जातीचा हा उन्हाळी उद्योग होता. याच मातीची अगदी बारीक पूड चित्रकारांच्या कामीही येई, आणि 'कोलोनची माती' या नावाने तिचा तपकिरी रंग डच व्यापारी खरेदी करून नेत. परंतु हाताने थापलेले हे गोळे ठिसूळ असत, आतून ओले राहत, धूर फार करीत आणि गावाच्या शिवेपलीकडे नेण्याच्या लायकीचे नसत.

या प्रश्नाचे उत्तर कोळशाच्या खाणीत सापडले नाही, ते दलदलीत सापडले. बव्हेरियाच्या रेल्वेला दगडी कोळसा दुरून आणावा लागे आणि तो महाग पडे. म्हणून म्युनिक ते आउग्सबुर्ग या मार्गावरील हास्पेलमोर येथील दलदलीतून निघणारा पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, वाळवून आगगाडीच्या इंजिनात जाळण्याची तजवीज तेथे चालली होती. रेल्वेचे यंत्राधिकारी कार्ल एक्स्टर यांनी १८५० नंतरच्या दशकात या पीटाच्या भुकटीसाठी एक दाबयंत्र सिद्ध केले, आणि तेच यंत्र तपकिरी कोळशाचे भाग्य पालटणारे ठरले. १८५८ साली हाले नगराजवळच्या आमेनडोर्फ येथे त्या यंत्रावर तपकिरी कोळशाच्या विटा निघू लागल्या, १८७७ साली कोलोनजवळ ब्र्यूल येथील रोडरग्रुब खाणीवर ऱ्हाइनकाठचा पहिला कारखाना उभा राहिला, आणि १८८२ साली लाउझित्सच्या अंगाला डोम्सडोर्फ येथे 'लुईझे' नावाचा जो कारखाना सुरू झाला तो १९९१ पर्यंत अखंड चालला व आता वस्तुसंग्रहालयाच्या रूपाने जतन करून ठेवला आहे.

एक्स्टर यांच्या यंत्राची युक्ती मुळातून समजून घेण्यासारखी आहे. कोळसा आधी दळून चाळून बारीक केला जाई, मग वाफेने तापविलेल्या थाळ्यांवरून किंवा फिरत्या नळकांड्यांतून नेऊन त्यातले पाणी पंधरा ते अठरा टक्क्यांपर्यंत उतरविले जाई. याहून ओला राहिला तर वीट फुटे आणि याहून कोरडा झाला तर ती बांधलीच जात नसे, त्यामुळे वाळवणीवरच्या कामगाराच्या हाताला कोळशाचा स्पर्श कळावा लागे. पुढे तो चुरा दाबयंत्राच्या लांबट तोंडात पडे, पोलादी ठोकळा त्यावर दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोग्रॅमच्या घरातला दाब घाली, आणि वीट तयार होई. आश्चर्य असे की या साच्याला तळ नसतो. आधी दाबलेल्या विटांची अरुंद मार्गात अडकून बसलेली रांगच नव्या विटेला पाठीमागून आधार देते, आणि दर फटक्यासरशी ती संपूर्ण रांग एका विटेच्या जाडीइतकी पुढे सरकते. यंत्रातून निघालेली ही काळी, चकचकीत माळ कारखान्याबाहेर लांबच लांब पन्हळींतून, मागच्या विटांच्या रेट्यानेच, निवत निवत थेट आगगाडीच्या वाघिणीपर्यंत चालत जाई. डांबर नाही, चिकणमाती नाही, खळ नाही. कोळसा स्वतःच्याच अंगच्या ओलाव्याने आणि दाबाने सांधला जातो. वाळवून दाबल्यावर त्याच वजनात दुपटीहून अधिक उष्णता हाती येते. मात्र या कामात कोळशाची जी बारीक धूळ उडते ती ठिणगी पडताच भडकते, आणि धुळीच्या स्फोटांत होरपळून मेलेल्या मजुरांची दुःखे या धंद्याच्या इतिहासाला जडलेली आहेत. घराघरांत निर्धास्तपणे जळणाऱ्या त्या विटेचा विचार करताना त्यांची आठवण ठेवणे मला अगत्याचे वाटते.

शेगडीसमोर बसलेल्या गृहिणीच्या दृष्टीने मात्र सगळ्या विटा सारख्या नव्हत्या. रूर खोऱ्यातील दगडी कोळशाच्या चुऱ्यापासून अंड्याच्या आकाराच्या ज्या वड्या करीत, त्या तापायला प्रखर. पण दगडी कोळशाचा चुरा आपणहून सांधत नसल्यामुळे त्यात डांबराचा राळेसारखा गाळ मिसळावा लागे, आणि त्याचा उग्र धूर पेटवताना खोलीभर होई. आयर्लंडमध्ये पीटाच्या विटा झाल्या; १९४६ साली स्थापन झालेल्या बोर्ड ना मोना या सरकारी महामंडळाने त्या घरोघर पोहोचविल्या, आणि त्या पट्टीने बांधलेल्या गठ्ठ्यांनी विकल्या जात. पीटाची वीट पटकन पेट घेते, तिला सुगंध असतो, पण ती लवकर सरते. तपकिरी कोळशाच्या विटांतही प्रदेशाप्रमाणे भेद होता: ऱ्हाइनकाठच्या 'युनियन' छापाच्या विटेत गंधक कमी असे, लाउझित्सची 'रेकॉर्ड' वीट घट्ट आणि कमी राखेची म्हणून नावाजलेली होती, आणि मध्य जर्मनीच्या कोळशात राळ व गंधक अधिक असल्यामुळे त्याचा धूर छातीला बाधत असे. आपल्या देशात तमिळनाडूतील नेव्हेली येथे १९५६ साली लिग्नाइटचे, म्हणजे याच तपकिरी कोळशाचे, सरकारी महामंडळ स्थापन झाल्यावर विटा करून त्या भाजून 'लेको' नावाचे घरगुती इंधन काढले गेले, तो याच विद्येचा दूरचा विस्तार होय.

या विटेचे खरे गुण प्रकट होत ते तिकडच्या खोल्यांतील मातीच्या चकचकीत लाद्यांनी मढविलेल्या उंच भट्टीत. भट्टीचे अंग जड असल्यामुळे ती तापायला वेळ घेई. परंतु सकाळी लाकडाच्या ढलप्यांवर पाच-सात विटा रचून पेटविल्या, ज्वाळा निवाल्या, विटा आतून लालबुंद झाल्या आणि नेमक्या त्या क्षणी भट्टीचे दार घट्ट लावून घेतले, म्हणजे लाद्या संध्याकाळपर्यंत ऊब देत राहत. दार लवकर लावले तर अपुऱ्या हवेत विषारी वायू धरून तो खोलीत पसरण्याचे भय, आणि उशिरा लावले तर सगळी उष्णता धुराड्यावाटे निघून जाणार. तेव्हा हे ज्ञान आईकडून मुलीकडे हातोहात जाई. रात्री निखारा टिकवायचा असेल तर एक वीट ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून राखेत दाबून ठेवीत, ती पहाटेपर्यंत मंद धुमसे आणि सकाळी तिच्यावरच नवी आग चेतविता येई. इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या संशोधनासाठी बर्लिनमध्ये होत्या त्या काळी, म्हणजे १९३० पूर्वीच्या काही वर्षांत, त्या शहरातील भाड्याच्या बहुसंख्य खोल्या अशाच भट्ट्यांनी तापत, आणि तळघरातून बादली भरून विटा वर चढवून आणणे हा चार-पाच मजल्यांच्या त्या चाळवजा इमारतींतला रोजचा परिपाठ होता.

युद्ध आले, म्हणजे ही वीट सरकारच्या दफ्तरात शिरली. ढीगभर कोळशाचे वजन करताना त्यात माती किती, ओल किती, चुरा किती, याची तक्रार संपत नाही. विटा मात्र मोजून देता येतात, मोजून घेता येतात, आणि चोरीस गेल्या तरी किती गेल्या ते सांगता येते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या १९४६-४७ च्या भयंकर हिवाळ्यात कोलोनचे लोक उद्ध्वस्त घरांत कुडकुडत असताना ऱ्हाइनकाठच्या कारखान्यांतून विटांनी भरलेल्या आगगाड्या त्यांच्या डोळ्यांदेखत शहरातून जात, आणि गाडी मंदावली की बायका-मुले वाघिणींवर चढून पोती भरून घेत. ३१ डिसेंबर १९४६ च्या संध्याकाळी कार्डिनल योझेफ फ्रिंग्ज यांनी रील उपनगरातील चर्चमध्ये प्रवचन करताना सांगितले की, आज अशी वेळ आली आहे की आपल्या जीविताच्या आणि प्रकृतीच्या रक्षणासाठी जे अपरिहार्य आहे आणि जे श्रमाने किंवा याचनेने मिळू शकत नाही, ते घेण्यास माणसाला मोकळीक आहे. धर्मगुरूच्या तोंडच्या या वाक्याने कोळसा उचलणाऱ्यांच्या मनावरचे ओझे उतरले, आणि त्या कृत्याला लोकांनी फ्रिंग्ज यांचेच नाव दिले. त्याच प्रवचनात त्यांनी पुढे असेही बजावले होते की, पुष्कळांनी ही मर्यादा फार ओलांडली आहे आणि त्यांनी अन्यायाने मिळविलेले ताबडतोब परत केले पाहिजे. पण थंडीने काकडणाऱ्या शहराने पूर्वार्ध तेवढा लक्षात ठेवला, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे माझ्याने होत नाही. दीडएक वर्षात सोव्हिएत सत्तेने पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली, आणि १९४८-४९ मध्ये विमानांनी त्या शहरात उतरविलेल्या सुमारे २३ लाख टन मालापैकी दोनतृतीयांशाच्या आसपास कोळसाच होता; त्यातला घरगुती शेगड्यांच्या वाट्याला फारच थोडा आला.

पूर्व जर्मनीच्या साम्यवादी राज्यात ही मोजदाद राज्यव्यवस्थेचाच भाग बनली. त्या राज्याच्या वाट्याला दगडी कोळसा जवळजवळ आलाच नव्हता, तपकिरी कोळसा मात्र विपुल होता. तेव्हा १९५५ साली लाउझित्समध्ये 'श्वार्त्सं पुंपं' या प्रचंड कारखाना-समूहाची पायाभरणी झाली, आणि घरोघर कोळसा-पत्रिकेवर सवलतीच्या दराने विटांचा ठराविक हिस्सा मिळू लागला. हिस्सा येई तो घरासमोर, पदपथावर ओतून. मग तो ढीग पावसापूर्वी तळघरात नेण्याचे काम ज्याचे त्याने करायचे, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांना त्यासाठी शेजाऱ्यांच्या पोरांची आर्जवे करावी लागत. कारखान्याच्या कामगारांसाठी होयर्सवेर्डा येथे जे नवे नगर वसविले त्यातील घरांना मात्र नळांतून उष्णता पुरविली जाई, आणि विटा घडविणाऱ्यांच्या घरात विटांची भट्टीच नव्हती. १९७८ च्या अखेरीस एका दिवसात पारा शून्याच्या बराच खाली कोसळला तेव्हा या अर्थव्यवस्थेचे मर्म उघडे पडले: निम्मे पाणी असलेला कच्चा कोळसा वाघिणींत गोठून दगडासारखा झाला, तो कुदळींनी फोडण्यासाठी सैनिक धाडावे लागले, वीजकेंद्रे थंडावली आणि शहरेच्या शहरे अंधारात बुडाली. तरीही १९८१-८२ च्या सुमारास सोव्हिएत तेलाचा पुरवठा घटला तेव्हा राज्यकर्त्यांनी याच कोळशावर अधिक भार टाकला, आणि त्या दशकात वर्षाला ३० कोटी टनांहून अधिक तपकिरी कोळसा खणला जाऊन सुमारे ५ कोटी टन विटा पडू लागल्या.

याची किंमत दोन ठिकाणी वसूल झाली. एक तर हवेत: लाखो बुटक्या धुराड्यांतून निघणारा गंधकाचा धूर हिवाळ्याच्या स्थिर हवेत रस्त्यांवरच साचून राही, बिटरफेल्ड आणि लाइपत्सिक या भागांत वाळत घातलेले कपडे काजळीने डागाळत, आणि लहान मुलांचा खोकला उन्हाळ्यापर्यंत हटत नसे. दुसरी किंमत भूमीने दिली. उघड्या खाणींना गावे आड येत, म्हणून लाउझित्समध्ये विसाव्या शतकात शंभराहून अधिक वस्त्या संपूर्ण किंवा अंशतः उठविल्या गेल्या. त्यांतील कित्येक सोर्ब या अल्पसंख्य स्लाव्ह लोकांच्या होत्या, आणि गाव उठले की त्यांची भाषा बोलण्याची जागाही उठली. मोबदला मिळाला, नवी घरे मिळाली, दस्तऐवज कायदेशीर झाले. पण देवळाभोवतीची स्मशाने हलवावी लागली, आणि ज्या बोलीत शेतांची नावे होती ती शेतेच खड्ड्यात गेल्यावर ती नावे कोणी कशासाठी उच्चारावी? होर्नो या गावाने तर जर्मनीच्या एकीकरणानंतरही वर्षानुवर्षे न्यायालयांतून झुंज दिली, तरी अखेरीस २००० नंतरच्या दशकात ते पाडले गेले. आपल्याकडे धरणाखाली गेलेल्या गावांची हकीकत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे दुःख परके वाटणार नाही.

१९९० नंतर हा सगळा डोलारा थोड्याच वर्षांत कोसळला. घरोघर वायूची आणि तेलाची तापनयंत्रे आली, पूर्वेकडील बहुतेक वीट-कारखाने बंद पडले, हवा स्वच्छ झाली आणि हजारो कामगार बेकार झाले. कोलोनजवळच्या फ्रेखेन येथील कारखान्याने २०२२ च्या अखेरीस विटा काढणे थांबविले, आणि ते नेमके अशा हिवाळ्यात की रशियन वायू बंद होण्याच्या धास्तीने लोक जुन्या शेगड्या पुन्हा झाडूनपुसून घेत होते व विटांना पुन्हा मोठी मागणी आली होती. लाउझित्सची 'रेकॉर्ड' वीट मात्र अजून निघते आणि प्लास्टिकच्या वेष्टणात बांधलेले तिचे गठ्ठे दुकानांतून मिळतात. आता तिची स्पर्धा लाकडाच्या भुशाच्या विटांशी आहे. त्याही एक्स्टर यांच्याच तत्त्वाने, बाहेरून काही न मिसळता, लाकडाच्या अंगच्या द्रव्याने सांधल्या जातात, राख कमी करतात आणि लवकर पेटतात, पण लवकर विझतात. म्हणून ज्यांच्या घरी लाद्यांची जुनी भट्टी शिल्लक आहे ते बहुधा दोन्ही आणून ठेवतात: संध्याकाळी बैठकीत ज्वाळा हवी असते तेव्हा लाकडाच्या, आणि निजण्यापूर्वी दार लावून रात्र काढायची असते तेव्हा कोळशाच्या.