सात फूट रुंदीचं घर

इंग्लंडमधल्या ब्रॉन्स्टनला आम्ही सहाजणींनी कालव्यावरची बोट ताब्यात घेतली, तेव्हा आत शिरताच मी दोन्ही हात पसरून बघितले. दोन्हीकडे जेमतेम वीतभर जागा उरत होती. लांबी साठ फूट आणि रुंदी सात फुटांच्या आत. एवढ्यात आठवडा काढायचा होता.

ही सात फुटांची रुंदी ठरवली अभियंता जेम्स ब्रिंडलीनं. 1766 साली ट्रेंट अँड मर्सी कालव्याचं खोदकाम सुरू झालं. त्यासाठी सर्वांत जास्त धडपडला तो भांड्यांचा कारखानदार जोसाया वेजवूड, कारण घोड्यांच्या पाठीवरून खराब रस्त्यानं जाताना त्याचा नाजूक माल फुटायचा. पण वाटेत हेअरकॅसलची टेकडी आडवी होती. बोगदा रुंद केला तर खर्च वाढणार आणि लॉक मोठं केलं तर दर खेपेला पाणी जास्त जाणार. म्हणून ब्रिंडलीनं लॉक सुमारे 72 फूट लांब आणि 7 फूट रुंद ठेवलं. लॉक म्हणजे पाण्याच्या जिन्याची एक पायरी. बोट आत घ्यायची, दारं लावायची, झडप उघडून पाणी चढवायचं किंवा उतरवायचं. पुढे ग्रँड जंक्शन कालव्यावर दुप्पट रुंदीची लॉक्स बांधली, पण उत्तरेकडची अरुंदच राहिली, त्यामुळे बोटही अरुंदच राहिली.

आम्ही याच ग्रँड जंक्शनच्या वाटेनं निघालो. तिसऱ्या दिवशी ब्लिसवर्थचा बोगदा आला. 1805 साली खुला झालेला, पावणेतीन किलोमीटरहून लांब. वरच्या हवेच्या भोकांतून गार पाणी ठिबकत होतं आणि आमचा दिवा पुढे चार हातांपलीकडे पोचत नव्हता. पूर्वी बोटी घोडे ओढत, पण बोगद्यात घोड्याला चालायला वाटच नव्हती. घोडा टेकडीवरून जायचा आणि खाली माणसं फळीवर उताणी पडून, पायांनी भिंत रेटत बोट पुढे न्यायची. 1871 मध्ये वाफेवर चालणाऱ्या बोटी ओढायला आल्या, तोवर हे असंच चाललं. मी सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होते. आमच्यातलं कुणीच बोलत नव्हतं.

रेल्वे आली आणि कालव्यावरचं भाडं पडलं. काठावरचं घर परवडेना, म्हणून नावाड्यांनी बायकामुलं बोटीवरच आणली. बोटीचा बाकीचा सगळा भाग मालासाठी, आणि मागच्या टोकाला सुमारे दहा फूट लांबीची केबिन. दारातून उतरताच शेगडी, मग कपाट, त्याचं दार खाली पाडलं की तेच टेबल. रात्री आडवी फळी टाकली की पलंग. भिंतींवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले, लेसच्या कडांच्या बशा, घासून लखलखीत केलेली पितळी मुठींची रांग. ही आवड त्या बायकांनी कुठल्या वेळात जपली असेल, हे मला कळत नाही. पुढे इंजिनाच्या बोटीमागे दुसरी जोडबोट बांधायची पद्धत पडली. इंजिन नवऱ्याकडे आणि मागचं सुकाणू बहुधा बायकोच्या हाती. मजुरी मात्र खेपेवर आणि ती कप्तानाच्या नावावर. मी सांगली जिल्ह्यातली. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात, ते बघत मोठी झाले. त्यामुळे हा हिशेब मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

या केबिनमधल्या दाटीविरुद्ध आवाज उठवला कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथनं. त्याच्या खटपटीतून 1877 चा कायदा झाला. बोटींची नोंदणी आणि आत किती माणसांनी राहायचं याची मर्यादा, दोन्ही त्यात आल्या. मुलांच्या शाळेचा प्रश्न मात्र सुटला नाही. बोट थांबली की मजुरी थांबायची, मग आजारपणासाठी तरी कोण थांबणार?

म्हणून कालव्याकाठच्या स्टोक ब्रुअर्न या गावी मला जायचंच होतं. मी आयुष्यभर नर्सिंग केलं, पण सिस्टर मेरी वॉर्ड यांचं नाव मला इंग्लंडला येऊन बऱ्याच वर्षांनी कळलं. लॉकच्या काठावरच्या आपल्या घरात त्या बोटवाल्यांवर उपचार करत. सुरुवातीला औषधपाणी स्वखर्चानं. लॉकपाशी बोट थांबते तेवढ्यात जखम बांधायची, तापाचं मूल तपासायचं, गरोदर बाईची विचारपूस करायची. या रुग्णांना पत्ता नव्हता, पुढच्या तपासणीची तारीख देऊन उपयोग नव्हता. घरोघरी जाऊन पट्ट्या बदलणाऱ्या माझ्यासारखीला यातली अडचण चांगली कळते. जो रुग्ण उद्या वीस मैल पुढे असणार, त्याची जखम आजच नीट बांधावी लागते. 1951 साली त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं, 1962 साली त्या निवृत्त झाल्या.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले. बोटी बर्फात अडकल्या आणि लॉऱ्यांकडे गेलेला माल परत आला नाही. साउथॉलच्या जॅमच्या कारखान्याला कोळसा पोचवणारी खेप मात्र 1970 पर्यंत टिकली.

स्टोक ब्रुअर्नला थांबलो त्या रात्री मैत्रिणी झोपल्यावर मी आमच्या बोटीच्या मागच्या टोकापासून दहा फूट पावलांनी मोजले. माझी एकटीची झोपायची जागा आणि कपड्यांचं कपाट, एवढ्यातच ते संपले.