अचलेचे चलन

पृथ्वीसाठी संस्कृत कोशकारांनी जी नावे नोंदवली, त्यांत 'अचला' आणि 'स्थिरा' ही दोन आहेत. अमरकोशात ती भूमीच्या पर्यायांच्या अगदी आरंभी येतात. मराठीनेही हा विश्वास कायम ठेवला. पायाखालची जमीन सरकणे हा आपल्याकडे सर्वस्व हरपण्याचा वाक्प्रचार आहे. प्रत्यक्षात ही जमीन अखंड सरकत असते. भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर इतक्या वेगाने ईशान्येकडे जात आहे. हे आज उपग्रहांच्या साह्याने मोजता येते. आमच्यासमोर प्रश्न आहे तो निराळा. ज्यांनी दोनशे वर्षांपूर्वी हीच भूमी विलक्षण काटेकोरपणे मोजली, त्यांना तिचे हे चालणे का दिसले नाही?

या प्रश्नासाठी विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेइतके योग्य ठिकाण सापडणे कठीण. यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे गाव ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या अगदी जवळ आहे. याच रेखावृत्ताच्या आसपास एकोणिसाव्या शतकात कन्याकुमारीपासून मसुरीपर्यंत 'महाचाप' मोजला गेला. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून या कामाला प्रारंभ केला. १८१५ मध्ये बिदरजवळ आणि १८२२ मध्ये वऱ्हाडात एलिचपुराच्या बाजूला टाकळखेडा येथे आधाररेषा मोजल्या गेल्या. बिदरजवळचे दामरगिद्दा हे स्थानक सुमारे १८ अंश अक्षांशावर आहे आणि टाकळखेडा सुमारे २१ अंशांवर. ढाणकीचा परिसर या दोहोंच्या जवळपास मध्यावर येतो. एलिचपुराचे आजचे नाव अचलपूर आहे, हा योगायोगही येथे नोंदवावासा वाटतो.

त्या मोजणीची रीत थोडक्यात अशी. सपाट जमिनीवर काही मैलांची एक रेषा पोलादी साखळीने मोजायची. मग तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीकडे थिओडोलाइट रोखून कोन घ्यायचे. एक बाजू आणि कोन हाती आले, की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण उभा राहतो. साखळी उन्हाने किती लांबते, याचाही हिशेब ठेवला जाई. लॅम्बटन यांचे मोठे थिओडोलाइट अर्ध्या टनाच्या घरात होते. ते माणसांच्या खांद्यांवरून डोंगरमाथ्यांवर चढवावे लागे. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचे निधन झाले आणि तेथेच त्यांचे दफन झाले. त्यांचे सहकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम पुढे नेले.

एवढ्या कसोशीनंतरही भूमीची गती त्यांच्या हाती लागणे शक्य नव्हते. त्याचे कारण त्यांच्या उपकरणांपेक्षा त्यांच्या रीतीतच आहे. त्रिकोणीकरणात एक स्थान दुसऱ्या स्थानाच्या संदर्भाने ठरते. बिदर, ढाणकी, हिंगणघाट आणि अचलपूर ही सारी ठिकाणे एकाच भूपट्टावर आहेत आणि ती एकत्रच सरकतात. त्यांच्यातील अंतरे बदलत नाहीत. मग गती मोजायची कशाच्या आधारे? आर्यभटाने पृथ्वीचे स्वतःभोवतीचे फिरणे समजावताना नावेतल्या प्रवाशाचा दृष्टान्त दिला आहे. पुढे जाणाऱ्या प्रवाशाला तीरावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात. नावेची गती कळते ती तीराकडे पाहिल्यावरच. महाचापाच्या मोजणीदारांनी नावेतल्या सगळ्या फळ्या मोजल्या. अक्षांशांसाठी त्यांनी ताऱ्यांचे वेधही घेतले. परंतु त्या काळच्या वेधांतून वर्षाला काही सेंटिमीटरांचा फरक निवडून काढणे अशक्य होते.

आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंडवहनाची कल्पना मांडली, तेव्हा त्यांनाही हीच अडचण आली. ग्रीनलंडच्या रेखांशांच्या जुन्या-नव्या मोजण्यांतून त्यांनी पुरावा शोधला. पण त्या मोजण्यांतील चुकाच प्रत्यक्ष गतीच्या कितीतरी पट होत्या. १९३० मध्ये ग्रीनलंडच्याच बर्फात त्यांचा मृत्यू झाला. पुढे दख्खनच्या काळ्या पाषाणाने साक्ष दिली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा थिजताना तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात गोठून राहिली. १९५० च्या दशकात लंडनच्या आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी हे चुंबकत्व तपासले. हा लाव्हा थिजला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, असा त्याचा अर्थ निघाला. भूमी चालली होती हे ठरले. आज चालते आहे काय, हे मोजणे अजून बाकी होते.

ते काम उपग्रहांनी केले. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवतात. संदेश पोहोचायला लागलेल्या वेळावरून अंतर निघते आणि किमान चार उपग्रहांवरून स्थान. वेळेत एका सेकंदाच्या अब्जांशाची चूक झाली, तरी अंतर तीस सेंटिमीटरने चुकते. म्हणून भूशास्त्रज्ञ केवळ संदेशाच्या वेळेवर विसंबत नाहीत. संदेश वाहून आणणाऱ्या, सुमारे १९ सेंटिमीटर लांबीच्या लहरीचा सूक्ष्म अंशही ते मोजतात. वर्षानुवर्षांच्या नोंदींतून मग मिलिमीटरांची गती निवडता येते. ही मोजणी ज्या चौकटीत होते, तिची दिशा ठरते ती अतिदूरच्या क्वेसारांवरून. आर्यभटाच्या दृष्टान्तातील तीर अखेर तिथे सापडला.

या हिशेबाने पाहता, लॅम्बटन यांच्या निधनापासूनच्या दोनशे वर्षांत हिंगणघाटची भूमी सुमारे दहा मीटर ईशान्येला गेली आहे, आणि ढाणकीही तितकीच. दोहोंमधील अंतर मात्र जवळपास तेच राहिले. हे केवळ अनुमान नव्हे. दक्षिण भारतातील त्रिकोणमितीच्या काही जुन्या स्थानकांवर १९९४ पर्यंत जीपीएस यंत्रे ठेवून, ती अंतरे १८६४ पासूनच्या नोंदींशी ताडून पाहण्यात आली. मोजणीच्या चुकांच्या मर्यादेत द्वीपकल्प विकृत झालेले आढळले नाही. नव्या यंत्राने जुन्या मोजणीला असे प्रमाणपत्र दिले, आणि जुन्या मोजणीमुळे नव्या यंत्राला सव्वाशे वर्षांची स्मृती लाभली. हिमालयात चित्र निराळे आहे. तेथे भूपट्ट आशियाला भिडतो आणि वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर आकुंचन साठत जाते.

तर मग आपला प्रदेश 'अचल' म्हणून निश्चिंत राहावे काय? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीने याचे उत्तर दिले. दगडमातीच्या जड भिंतींखाली हजारो माणसे गेली. जो भाग स्थिर मानला होता, त्यानेच हा घात केला. २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत ढाणकीच्या शेजारी हिंगोली जिल्ह्यातही ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. भूपट्टाच्या अंतर्भागात ताण इतक्या संथपणे साठतो, की काही दशकांच्या नोंदींत तो उमटेलच असे नाही. शिवाय पैनगंगेच्या खोऱ्यातील काळी माती पावसाने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या पृष्ठभागाची ही हालचाल भूपट्टाच्या वर्षभराच्या सरकण्यालाही झाकून टाकू शकते. अशा ठिकाणी यंत्राचा खांब मातीत रोवून चालत नाही, खालच्या पाषाणापर्यंत न्यावा लागतो. म्हणून यंत्राचे मौन हे अभयवचन समजू नये.

साहित्याच्या अभ्यासकांना या इतिहासात एक ओळखीची गोष्ट दिसेल, असे आम्हांस वाटते. एखाद्या परंपरेच्या आत राहून तिचे सारे अंतर्गत संबंध अचूक मांडता येतात, आणि तरीही ती समग्रपणे कुठे चालली आहे हे उमगत नाही. त्यासाठी बाहेरचा तीर लागतो. पण आत राहून केलेली ती मोजणी निष्फळ ठरत नाही. बाहेरून गती कळते. आत काही तुटले आहे की नाही, हे त्या जुन्या, कष्टाच्या नोंदीच सांगतात. 'अचला' हे नाव कोशातून काढण्याचे म्हणूनच कारण नाही. मात्र ते उच्चारताना किल्लारीच्या भिंती विसरून चालणार नाही.