पाथरीचा फेर: एक गेम, दोन सुलतान आणि आमचे अण्णा

कुंभार पिंपळगावहून बोलतोय, म्हणजे तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. मागे घरघर ऐकू येईल, ती माझ्या लॅपटॉपच्या पंख्याची. वर्क फ्रॉम होम घेऊन गावी आलोय आणि ऑफिसचं काम संपलं की रात्री एक गेम खेळतोय. त्याचं नाव युरोपा युनिव्हर्सॅलिस फोर. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्सने २०१३ साली काढलेला, म्हणजे आता जुनाच म्हणायचा. मी मात्र पहिल्यांदाच उघडला.

नाव युरोपचं असलं तरी जगातलं जवळपास कुठलंही राज्य घेऊन खेळता येतं. सुरुवात ११ नोव्हेंबर १४४४, शेवट १८२१ च्या सुरुवातीला. पावणेचारशे वर्षं, एकेक दिवसाने पुढे सरकणारी. स्पेसबार दाबला की जग थांबतं.

मला वाटलं होतं एज ऑफ एम्पायर्ससारखं असेल. लाकूड तोडा, घोडेस्वार काढा, पाठवा. पण पहिल्या अर्ध्या तासात मी एकही सैनिक हलवला नाही, नुसते टॅब उघडत बसलो. व्यापार, धर्म, कर्ज, दरबार, शेजाऱ्यांचं आपल्याबद्दलचं मत. एका आकड्यावर माउस नेला की आतून आणखी दहा आकडे. दुसऱ्या कुणाचा दहा वर्षं जुना कोड पहिल्यांदा उघडल्यावर जसं होतं ना, तसंच. सगळं चालतंय, पण कशामुळे चालतंय ते कळत नाही, आणि हात लावायची भीती वाटते.

घेतलं अर्थातच बहमनी राज्य, कारण आपला मुलूख त्यातच. राजधानी बिदर, गादीवर दुसरा अलाउद्दीन अहमदशहा. खऱ्या इतिहासात याची कारकीर्द १४३६ ते १४५८. दक्षिणेला विजयनगर, तिथे दुसरा देवराय. आमचं गाव नकाशावर नाही, अख्खा मराठवाडाच मोजक्या तुकड्यांत आटपतो. समर्थ रामदासांचं जांब आमच्या शेजारचं, पण रामदासांचा जन्म १६०८ चा, म्हणजे अजून एकशे चौसष्ट वर्षं लांब.

माझं पहिलं राज्य कसं बुडालं ते थोडक्यात सांगतो. विजयनगरवर चढाई केली, नदी ओलांडून हल्ला केला (ओलांडणाऱ्याला तोटा होतो, हे नंतर वाचलं), भाडोत्री फौज घेतली, तिच्यासाठी कर्ज काढलं, मग व्याजासाठी कर्ज काढलं. आणि मग लाईट गेली. खरं सांगू? बरंच वाटलं.

दुसऱ्या खेपेला मात्र दोन प्रांत जिंकले. आणि तिथेच अडकलो. प्रांत माझ्या रंगात आले, पण पैसा येईना, उलट बंडं सुरू झाली. कारण युद्ध जिंकलं तरी प्रांत लगेच तुमचा होत नाही. त्यावर प्रशासनाचे पॉइंट खर्च करायचे, काही महिने थांबायचं, मग तो तुमचा 'कोअर' होतो. असे कच्चे प्रांत फार साठले की राज्यभर असंतोष. आणि हे पॉइंट थेट विकत मिळत नाहीत, राजा जेवढा हुशार तेवढे दर महिन्याला जास्त पडतात.

तेवढ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, पाणी प्यायला उठले. "काय करायलास रे एवढ्या रात्री?" मी दोन मिनिटांत समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे ताबा मिळाला, पर फेर झाला न्हाई म्हण की."

मंडळी, मी यूट्यूबवर तासाभराचे ट्युटोरियल बघून जे मला कळलं नव्हतं ते या माणसाने एका वाक्यात सांगितलं. शेत कसताय तुम्ही, पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. फेरफार होईपर्यंत काही खरं नाही.

अण्णांना हे कळणारच. आजोबांनी भावकीत दोन एकराची अदलाबदल केली होती, तोंडी. त्यांचं नाल्याकडचं आपल्याला, आपलं रस्त्याकडचं त्यांना. कागद काही नाही. चाळीस वर्षं दोन्ही घरं सुखाने कसत होती. मग रस्ता झाला डांबरी आणि रस्त्याकडच्या जमिनीचा भाव वाढला. बाकी सगळं तुम्हाला माहीतच आहे, तुमच्याही घरी एक असतंच.

आणि त्यावरूनच मला पाथरी आठवली.

पाथरी परभणी जिल्ह्यात, आमच्यापासून लांब नाही. गोदावरीच्या याच बाजूला, प्रवाहाबरोबर खाली गेलं की लागते. आजकाल पाथरी म्हटलं की साईबाबांच्या जन्मस्थानाचा वाद आठवतो. पण पाचशे वर्षांपूर्वी या गावासाठी दोन सुलतान लढले होते. फेरिश्ता नावाचा इतिहासकार ही गोष्ट सांगतो. तो आधी अहमदनगरच्या दरबारात होता, १५८९ मध्ये विजापूरला गेला आणि तिथे त्याने आपला मोठा ग्रंथ लिहिला.

तो म्हणतो, पाथरीच्या कुळकर्ण्यांच्या घराण्यातला एक ब्राह्मण विजयनगरच्या मुलखात राहायला गेला. त्याच घराण्यातला तिमाभट नावाचा मुलगा बहमनी फौजेच्या हाती लागला, बिदरला आला, मुसलमान झाला, मलिक हसन झाला. हाच पुढे बहमनींचा निजाम-उल-मुल्क. १४८१ मध्ये महमूद गावानचा जीव गेला त्या कटात याचा हात होता. याचा मुलगा मलिक अहमद, ज्याने १४९० मध्ये बहमनी फौजेला हरवून निजामशाही उभी केली आणि अहमदनगर वसवलं. याचाच नातू बुरहान निजामशहा.

म्हणजे माझा गेम १४४४ ला सुरू होतो तेव्हा फेरिश्ताच्या हिशेबाने तो पाथरीचा पोरगा बहमनींच्या चाकरीत आलेलाच आहे. पडद्यावर त्याचा पत्ता नाही.

आता पाथरी होती वऱ्हाडच्या इमादशाहीत. बुरहानच्या ब्राह्मण नातलगांची इच्छा, की आपलं वतनाचं गाव आपल्या माणसाच्या राज्यात यावं. बुरहानने अलाउद्दीन इमादशहाला निरोप धाडला: पाथरी द्या, बदल्यात जास्त उत्पन्नाचा परगणा घ्या. इमादशहाने नकार दिला आणि तिथे तटबंदी सुरू केली. १५१८ मध्ये बुरहानने पाथरी घेतली. मग इमादशहाने गोवळकोंड्याची मदत घेऊन परत मिळवली. मग बुरहानने पुन्हा घेतली, किल्ला पाडला आणि गाव नातलगांना इनाम देऊन टाकलं. शेवटी १५७४ मध्ये अख्खं वऱ्हाडच निजामशाहीत गेलं.

आणि गंमत बघा, इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला, तोही विजयनगरच्या मुलखातून पकडून आणलेला हिंदू मुलगा. व्हॉट्सॲपवर इतिहासाचे दोन रंग करून वाटणारे काका लोक या गोष्टीचं काय करणार, मला खरंच बघायचंय. माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर मी ही टाकली, तर एकाने विचारलं, "मग आपला कोण यात?" मला उत्तर देता आलं नाही. मी पाथरीच्या कुळकर्ण्यांचाच विचार करत होतो. एक भाऊ सुलतानाच्या घरात, एक भाऊ गावचं दप्तर सांभाळतोय, आणि ओळख दोघांनीही ठेवलेली.

गेममध्ये दुसऱ्याच्या प्रांतावर हक्क सांगायचा तर गुप्तहेर पाठवून दावा तयार करावा लागतो. चक्क खोटा दावा. बुरहानचा दावा खोटा नव्हता, नात्याचा होता. पण नात्याला त्या पडद्यावर रकाना नाही. देशमुख, पाटील, कुळकर्णी हे सगळे मिळून एक टक्का होतात, 'स्थानिक स्वायत्तता' नावाचा. प्रांताचा जेवढा महसूल तुमच्यापर्यंत पोचत नाही तेवढा तो टक्का. कमी करायला गेलं की लोक भडकतात. हे मला पटलं. सुलतान बदलले तरी वतनदार तिथेच राहायचे, आणि नव्या सुलतानालाही त्यांच्याच दप्तरावरून वसुली करावी लागायची. पण गेममध्ये तो टक्का डोकेदुखी म्हणून येतो, कारण आपण कायम बिदरमधून बघतोय. पाथरीतून बघितलं तर तोच टक्का म्हणजे घर.

गेम वाईट आहे असं मुळीच नाही. रोज रात्री दीड वाजतोय.

काल सुरुवातीची तारीख बदलून १५१८ लावली. तसं करता येतं. अहमदनगर आणि वऱ्हाड, दोन्ही राज्यं समोर. मी मुद्दाम वऱ्हाड घेतलं. अण्णा खुर्ची ओढून बसले, त्यांना पाथरीची गोष्ट सांगितली. म्हणाले, "जास्तीचं मिळत होतं तर द्यायचं ना बदलून. कर की अदलाबदल."

शोधलं, पण तसं बटण मला काही सापडलं नाही.

"आपल्याकडं हाय," अण्णा म्हणाले. खरंच आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने सलोखा योजना आणली. एकाची जमीन दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याची पहिल्याकडे बारा वर्षं कसायला असेल, तर हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी, एवढ्यात अदलाबदलीचा दस्त होतो. दोघांची संमती लागते.

अण्णांनी कागद काढून ठेवलेत. चुलत्यांची सही अजून झालेली नाही.