शिक्का, बिल्ला आणि वाचणारा

नाशिकच्या पश्चिमेला, गुजरातच्या हद्दीलगतच्या डोंगरपट्ट्यात हरसूल आहे. आज ते त्र्यंबकेश्वर तालुक्यात मोडते. कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्या या मुलखात भात-नागली घरापुरती पिकायची, पण रोकड पैशाचा प्रश्न आला की नजर जायची ती जंगलाकडे आणि गोठ्याकडे. लाकूड असो की बैल, विकायला काढले की पहिला प्रश्न ठरलेला: हे कोणाचे, आणि आले कुठून? त्या प्रश्नाचे उत्तर कधी हातोड्याने ठोकलेल्या शिक्क्याने दिले, कधी दाखल्यावरच्या चार ओळींनी, आणि आता कानातल्या बिल्ल्याने किंवा काचेवर चिकटवलेल्या चिपने दिले जाते. या बदलाची गोष्ट बहुधा तंत्राच्या प्रगतीची म्हणून सांगितली जाते. तंत्र सुधारले यात वाद नाही. पण हरसूलच्या बाजूने तीच गोष्ट पाहिली तर वेगळेच सूत्र हाती लागते. खूण कशाने केली यावर मालकाचा फायदा-तोटा फारसा ठरला नाही; ती वाचायचा अधिकार कोणाकडे होता, आणि वाचणारा ती कोणाच्या वहीशी ताडून पाहत होता, यावर तो ठरला.

हा भाग जुन्या पेठ संस्थानातला. 1857 च्या डिसेंबरात हरसूलचा बाजार लुटला गेला आणि उठावाची झळ पेठपर्यंत पोचली. पेठच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या भगवंतरावांना इंग्रजांनी फासावर चढवले. पुढे 1878 मध्ये पेठच्या बेगम वारल्या आणि संस्थान खालसा झाले. त्याच वर्षी हिंदुस्थानचा वन कायदा झाला. दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारण संबंध नाही, पण हरसूलच्या माणसाच्या दृष्टीने त्या एकाच वेळी अंगावर आल्या: संस्थान गेले आणि झाडाला सरकारी मालक आला. सरकारची नजर सागावर होती आणि ती काही नवी नव्हती. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी साग लागे. शेजारच्या डांगातली जंगले इंग्रजांनी 1842 मध्येच भिल्ल राजांकडून कराराने घेतली होती, आणि 1847 मध्ये अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले होते. जंगल मोठे, माणसे थोडी, वाटा शेकडो. अशा ठिकाणी प्रत्येक ओंडक्यामागे पहारेकरी ठेवणे अशक्य, म्हणून ओंडक्यानेच आपली ओळख सांगावी अशी सोय करण्यात आली.

ती सोय म्हणजे शिक्क्याचा हातोडा. त्याच्या पोलादी तोंडावर उलटी अक्षरे किंवा आकडा कोरलेला असतो. तोडायच्या झाडाची साल दोन ठिकाणी तासतात, एक छातीच्या उंचीवर आणि दुसरी अगदी बुंध्यापाशी, आणि उघड्या पडलेल्या पांढऱ्या लाकडावर घाव घालून शिक्का उमटवतात. खालचा शिक्का मुद्दाम खाली असतो. झाड पडून ओंडका गाडीवर गेला तरी तो थुटावर राहतो, आणि नंतर फिरतीवर आलेला वनपाल थुटे मोजून सांगू शकतो की कोणते झाड परवानगीने गेले आणि कोणते चोरीने. माल कूपाबाहेर काढताना ओंडक्यावर पुन्हा शिक्का पडतो, सोबत वाहतुकीचा पास असतो आणि नाक्यावर दोन्हींचा मेळ पाहिला जातो. विजेशिवाय आणि यंत्राशिवाय चालणारी ही माग काढण्याची पद्धत अतिशय हुशारीची होती, हे मान्य केलेच पाहिजे. तिच्या पाठीशी कायदा किती जोराने उभा होता ते 1927 च्या वन कायद्यात दिसते. कलम 41 खाली वाहतुकीचे नियम आणि मालकीच्या खुणांची नोंदणी येते. कलम 63 प्रमाणे लाकडावरची खूण खोटी करणे किंवा पुसणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. आणि कलम 69 सांगते की वनोपज सरकारी की खासगी असा प्रश्न निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारीच मानायचे. माझ्या मते सगळ्या यंत्रणेचा कणा या शेवटच्या कलमात आहे. बांधावरचा साग आजोबांनी लावला हे साऱ्या गावाला ठाऊक असले, तरी नाक्यावर गावाची साक्ष चालत नव्हती. ज्या ओंडक्यावर खूण नाही त्याची बाजू आधीच पडलेली असे.

जनावरांचा बाजार याच्या अगदी उलट चालत असे, आणि म्हणूनच तुलनेला तो मोलाचा आहे. डांगी ही या पट्ट्याची जात: पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, धुवाधार पावसात चिखलणीला टिकणारे खूर. विकायला नेताना गावच्या पाटलाचा, पुढे ग्रामपंचायतीचा दाखला लागे. त्यात रंग, शिंगांची ठेवण, वय, दात, भोवरा, डाग दिल्याची खूण असे वर्णन असे. ते वर्णन घेणाराही वाचू शके आणि बाजारात उभा असलेला तिसरा माणूसही. बैल समोर, कागद समोर. जुळले नाही तर तिथल्या तिथे बोलणे व्हायचे. ही पद्धत ढिली होती. एकाच वर्णनाचे चार बैल सापडत आणि चोरीचे जनावर दूरच्या बाजारात सहज खपत असे. पण तिचा वाचक गावातलाच होता.

या दोन पद्धती डोळ्यांपुढे ठेवल्या की बिनस्पर्शाच्या बिल्ल्याचे काम नीट उमगते. आरएफआयडी बिल्ल्यात बहुधा बॅटरी नसते. असते ती धातूची पातळ अँटेना आणि तिला जोडलेली बारीक चिप. वाचक यंत्र रेडिओलहरी सोडते, अँटेनात त्यांच्यामुळे किंचित वीज तयार होते आणि तेवढ्यावर चिप चालू होते. लांबून वाचायच्या बिल्ल्यातली चिप स्वतः लहर सोडत नाही. अंगावर आलेली लहर कमी-जास्त परतवत राहते, आणि त्या चढउतारातून यंत्राला आकडे कळतात. उन्हात आरसा हलवून पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाला इशारा द्यावा, तसाच हा प्रकार. उजेड सूर्याचा, इशारा आपला. परावर्तित लहरींवर निरोप पाठवण्याची ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी 1948 मध्ये शोधनिबंधात मांडली. लहरीची वारंवारता बदलली की उपयोग बदलतो. 13.56 मेगाहर्ट्झवर चालणारी कार्डे आणि फोनमधली एनएफसी काही सेंटिमीटरवरून वाचली जातात, म्हणून मेट्रोच्या फाटकाला, कचेरीच्या दाराला आणि दुकानातल्या पैसे भरायच्या यंत्राला ती सोयीची. भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले बिल्ले काही मीटरवरून वाचता येतात, म्हणून ते गोदामातल्या खोक्यांवर आणि फास्टॅगमध्ये आले. पण या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि धातूवर उलटतात. ओल्या लाकडावर आणि जिवंत जनावराच्या अंगावर त्या अडखळतात. म्हणून जनावरांसाठी 134.2 किलोहर्ट्झची कमी वारंवारता ठरली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हातोड्याचा शिक्का आणि ही चिप एका पंक्तीत बसवणे चूक आहे. शिक्का फक्त ‘पास’ म्हणतो, चिप मात्र एकेका वस्तूला वेगळा क्रमांक देते, क्षणात वाचली जाते आणि सहजी खोटी करता येत नाही. हे सगळे खरे आहे. पण क्रमांक वेगळा आहे म्हणूनच तो एकट्याने काही सांगत नाही. टोल नाक्यावर यंत्र काचेवरचा फास्टॅग वाचते. तो कोणत्या बँकेचा, चालू आहे की काळ्या यादीत, हे नाक्याला राष्ट्रीय देयक महामंडळाच्या यंत्रणेकडून कळते आणि पैसे बँकेतून वळते होतात. 2021 च्या 15 फेब्रुवारीच्या मध्यरात्रीपासून ही पद्धत देशभर सक्तीची झाली. या बाजूचा भाजीपाला घेऊन मुंबईला निघालेल्या टेम्पोचा टॅग शाबूत असला, तरी बँकेच्या नोंदीत तो बंद असेल तर घोटीच्या नाक्यावर जास्तीचा टोल भरावा लागतो. चालकाने टॅगकडे कितीही निरखून पाहिले तरी त्याला काही उमगणार नाही. पाटलाचा दाखला साक्षर माणसाला वाचता येत होता. इथे यंत्र आणि वही दोन्ही दुसऱ्याची. जुन्या शिक्क्यामागे निदान एकच खाते होते, इथे नाका, बँक आणि मधली यंत्रणा असे तिघे आहेत, आणि चूक कोणाची हे शोधण्याचे काम चौथ्याच्या, म्हणजे टेम्पोवाल्याच्या, गळ्यात पडते.

मोठ्या व्यापारातही हेच घडले. वॉलमार्टने 2003 मध्ये आपल्या बड्या शंभर पुरवठादारांना सांगितले की 2005 च्या जानेवारीपासून खोक्यांवर आरएफआयडी टॅग हवेत. टॅगचा खर्च पुरवठादाराचा, आणि कपाटातला माल संपत आल्याचे वेळेवर कळण्याचा फायदा प्रामुख्याने दुकानाचा. तेव्हा बऱ्याच पुरवठादारांनी माल निघता निघता टॅग डकवायचे आणि मोकळे व्हायचे असा मार्ग धरला, कारण स्वतःच्या कारखान्यात त्यांना तो वाचायचाच नव्हता. कपड्यांच्या व्यापारात मात्र टॅग चांगला रुजला. तिथे अनेक कंपन्यांचा माल आणि दुकानेही त्यांचीच असतात. टॅग लावणारा आणि वाचणारा एकच असला की खर्च कोणालाच बोचत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बिल्ल्याचा लाभ मालकालाही होतो, मग तक्रार कसली? जनावरांच्या बाबतीत तो तपासून पाहता येतो. भारतातल्या पशुधनाच्या कानात सध्या लागतो तो पिवळा, बारा अंकी बिल्ला. त्यात बहुधा चिप नसते. आकडा डोळ्याने वाचायचा किंवा त्यावरचा बारकोड यंत्राने टिपायचा. 2019 मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्याविरुद्धची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हा लसीकरणाची नोंद याच आकड्यावर होऊ लागली. महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई झाली. वीज पडून किंवा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात जनावर दगावले तर भरपाईसाठीही बिल्ला हवा. बिबट्याचा वावर असलेल्या या डोंगरात ही भरपाई म्हणजे कोरडी बाब नव्हे. लसीची नोंद राहते, साथ कुठून कुठे गेली ते कळते, चोरीचे जनावर विकणे अवघड होते, आणि हे फायदे खरे आहेत. त्यांना नावे ठेवण्याचे काही कारण नाही.

पण विम्याचा इतिहास बिल्ल्याची दुसरी बाजू दाखवतो. पशुविम्यात फार पूर्वीपासून एक नियम आहे: टॅग नाही तर दावा नाही. झुडपात अडकून बिल्ला तुटला, कान फाटला, की गाय तीच असूनही कागदावर ती राहत नाही. उलट बाजूने लबाडीही होत असे. मेलेल्या बिनविम्याच्या जनावराच्या कानात दुसऱ्याचा बिल्ला घालून दावे केले जात. म्हणून 2008 नंतरच्या काळात इफ्को टोकियो कंपनीने जनावराच्या कातडीखाली चिप टोचून विमा देण्याचा प्रयोग केला. कातडीखालची चिप झुडपात अडकत नाही आणि काढून दुसऱ्याला लावता येत नाही. मालकाचे एक दुखणे गेले, कंपनीचेही गेले. पण चिप डोळ्याला दिसत नाही, वाचक यंत्र कंपनीच्या माणसाजवळ, आणि जनावर मेल्यावर तो माणूस यंत्र घेऊन येईपर्यंत थांबण्याशिवाय मालकाला गत्यंतर नाही. खूण जितकी पक्की होत गेली तितकी ती मालकाच्या नजरेआड गेली. म्हणून लाभ नाही असे मी म्हणत नाही. मात्र लाभ मिळायचा की नाही हे वाचणाऱ्याच्या येण्यावर टांगलेले राहते, एवढे या उदाहरणावरून दिसते.

आता वाचक यंत्र प्रत्येकाच्या खिशात आले, असे यावर कोणी म्हणेल. एनएफसीचे फोन आहेत, कॅमेऱ्याने बारकोड टिपता येतो, आणि 2020 मध्ये आलेल्या ई-गोपाला ॲपवर पशुपालकाला बिल्ल्याच्या आकड्यावरून आपल्या जनावराची माहिती पाहण्याची सोय केली आहे. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. तरी त्या वहीत नोंद करण्याचा अधिकार पशुपालकाच्या हाती नाही. विकलेल्या बैलाची मालकी जुन्याच नावावर राहिली, मेलेली शेळी नोंदीत जिवंत राहिली, तर दुरुस्तीसाठी दवाखानाच गाठावा लागतो. आणि डोंगरातल्या पाड्यावर मोबाइलची रेंज नसेल, तर वाचणेही बाजारच्या दिवसापर्यंत थांबते.

वाचण्याचा आणि लिहिण्याचा अधिकार गावाकडे देता येतो याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. 27 एप्रिल 2011 रोजी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक पासाचे पुस्तक दिले. तोवर तो पास फक्त वनखाते देई. पुढच्याच वर्षी वन हक्क कायद्याच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देईल असे ठरले. परवान्याच्या रिवाजामुळे विक्रीच्या हक्काला बाध येणार नाही, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्याचा हा आदिवासी पट्टा अनुसूचित क्षेत्रात येत असल्याने इथल्या ग्रामसभांना पेसा कायद्याचाही आधार आहे. मेंढ्यात कागद तोच होता, शिक्का तेवढ्याच शाईचा होता; सही करणारा बदलला आणि बांबूचा भाव ठरवायला गाव स्वतः बसले. तंत्र जुने राहूनही निकाल बदलू शकतो, याचा इतका सरळ पुरावा दुसरा क्वचितच मिळेल.

29 डिसेंबर 2023 पासून लाकूड, बांबू आणि वनोपजासाठी राष्ट्रीय वाहतूक पास प्रणाली देशभर लागू झाली आहे. तिचा परवाना क्यूआर कोडचा असतो आणि तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चालतो. उद्या या कोडच्या जागी चिप येईल. युरोपात ओंडक्यांच्या तोंडाला खिळ्यासारखे आरएफआयडी टॅग ठोकण्याचे प्रयोग झालेलेच आहेत. हरसूलसारख्या राज्याच्या हद्दीवरच्या गावाला अशा पासाचा उपयोग इतरांपेक्षा जास्त आहे, कारण इथला माल थोड्याच अंतरावर दुसऱ्या राज्याच्या नाक्यासमोर उभा राहतो आणि खैराच्या चोरट्या वाहतुकीमुळे त्या नाक्यावर संशयही जास्त असतो. तेव्हा ग्रामसभेने हिरड्याच्या किंवा मोहाच्या पोत्यांसाठी दिलेला परवाना नाक्यावरच्या यंत्राला वनखात्याच्या परवान्याइतकाच ओळखता आला पाहिजे, आणि त्यासाठी त्या प्रणालीत ग्रामसभेच्या समितीला स्वतःच्या नावाने नोंद करता आली पाहिजे. 2012 च्या नियमांनी तो अधिकार कागदावर दिलेला आहे.