दुसऱ्या महायुद्धातल्या ‘जिमी’ ट्रकचं हेड पुन्हा कसं बांधतात?

१९४४ च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्य नॉर्मंडीतून इतक्या झपाट्याने पुढे गेलं, की पेट्रोल आणि दारूगोळा मागेच राहिला. फ्रान्सची रेल्वे बॉम्बहल्ल्यांत मोडून पडली होती. तेव्हा २५ ऑगस्टला ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ सुरू झाली. ट्रकांची ही रांग १६ नोव्हेंबरपर्यंत रात्रंदिवस चालू होती. यातले बहुसंख्य चालक कृष्णवर्णीय सैनिक होते आणि त्यांचं मुख्य वाहन होतं जीएमसीचा अडीच टनी सीसीकेडब्ल्यू, म्हणजेच सैनिकांचा ‘जिमी’. आसाममधून ब्रह्मदेशात जाणाऱ्या लेडो रस्त्यावरही हा ट्रक धावला.

असे साडेपाच लाखांहून जास्त ट्रक बनले. त्यातले काही आज हौशी लोकांनी चालू स्थितीत ठेवले आहेत. पण ८० वर्षांच्या या इंजिनात सगळ्यात जपावं लागतं ते हेड.

हेडमध्ये असतं काय?

त्याच युद्धातल्या जीपचं हेड म्हणजे जवळपास नुसतं झाकण, कारण तिचे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. जिमीचं तसं नाही. त्याच्या ४.४ लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनात बाराही व्हॉल्व्ह वर, बीडाच्या हेडमध्ये बसवलेले आहेत. व्हॉल्व्ह, त्यांचे गाईड, सीट आणि आतून फिरणारं पाणी, सगळं त्या एकाच ओतीव तुकड्यात.

रोग ओळखायचा तर आधी कॉम्प्रेशन मोजतात. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब कमी भरला, तर बहुधा मधलं गॅस्केट फाटलेलं असतं. एकाच सिलिंडरमध्ये कमी असेल तर त्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर दोष रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा संशय. रेडिएटरमध्ये बुडबुडे किंवा ऑइल दुधाळ दिसलं, तर हेड उतरवण्याला पर्याय नाही.

उतरवताना प्रत्येक पुशरॉड आणि व्हॉल्व्ह क्रमाने वेगळा ठेवतात. पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यावर नंबर टाकले की काम भागतं. इतकी वर्षं एकमेकांशी घासून जुळलेले भाग अदलाबदल झाले तर झीज नव्याने सुरू होते.

मग हेड धुऊन तडे शोधतात. लोखंडाची बारीक चुंबकीय पूड टाकली की ती तड्याच्या रेषेवर गोळा होते. तडे बहुतेक दोन सीटमधल्या अरुंद पट्टीत सापडतात, कारण तिथे उष्णता सर्वाधिक असते. बीडाला सरळ वेल्डिंग मारणं धोक्याचं: पूर्ण हेड आधी तापवून नंतर सावकाश थंड केलं नाही, तर शेजारीच नवा तडा जातो. म्हणून तड्यावर ओळीने भोकं पाडून, आटे असलेल्या पिना एकमेकींत अडकवून तो ‘शिवतात’.

खरा पेच सीटचा

युद्धकाळातल्या पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग असायचं. त्याचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये गादीसारखा काम करायचा. आजच्या पेट्रोलमध्ये शिसं नाही. जास्त भार आणि वेगात गरम व्हॉल्व्ह सीटवर आपटून ती हळूहळू खातो आणि आत रुततो. व्हॉल्व्ह आत गेला की दांडी वर येते, टॅपेटचं अंतर कमी होतं. अंतर पार संपलं की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि शेवटी जळतो.

उपाय सोपा वाटतो: सीटच्या जागी खाच कोरायची आणि कठीण धातूची रिंग ठोकून बसवायची. पण त्या खाचेखालीच पाण्याची पोकळी आहे. इतक्या वर्षांच्या गंजाने तिची भिंत आतून किती पातळ झाली, ते बाहेरून दिसत नाही. कटर थोडा खोल गेला आणि पाणी लागलं, की चांगलं हेड भंगारात. म्हणून अल्ट्रासाउंडने जाडी मोजल्याशिवाय कोरायला घेऊ नये. वर्षाला काहीशे किलोमीटर, तेही रिकामा, चालणाऱ्या ट्रकची मूळ सीट शाबूत असेल तर तिला हात न लावता पेट्रोलमध्ये शिशाऐवजीचं रसायन घालणं जास्त शहाणपणाचं.

फेसिंगलाही हाच नियम. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने वाक मोजायचा आणि तो जाण्यापुरतंच घासायचं. जास्त घासलं तर कॉम्प्रेशन वाढतं, शिवाय पुढच्या दुरुस्तीला धातू उरत नाही.

बाकीचं काम नेहमीचं. ढिले गाईड बदलणं, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घोटणं, नवं गॅस्केट. बोल्ट मधून सुरुवात करून कडेकडे, टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने आवळतात आणि इंजिन एकदा तापल्यावर पुन्हा तपासतात.

त्यानंतर प्रत्येक टॅपेट सेटिंगला बाराही व्हॉल्व्हची अंतरं वहीत लिहून ठेवतात. एखाद्या एक्झॉस्टचं अंतर दर खेपेला कमी भरत असेल, तर ती सीट खचायला लागली आहे.