कार्बन दोन की चार? संयुगातील मोलगणनेचा पूर्वेतिहास

संयुगाच्या एका मोलमध्ये त्याच्या घटक मूलद्रव्यांचे किती मोल आहेत, हे आज रेणुसूत्रातील अंक वाचून सांगता येते. परंतु ते अंक एकोणिसाव्या शतकात तराजूवर तोलून काढावे लागले, आणि तराजू अचूक झाल्यावरही सुमारे तीस वर्षे त्यांच्याविषयी रसायनशास्त्रज्ञांचे एकमत झाले नाही. मोल हे डझनासारखेच मोजणीचे माप असून, मूलद्रव्याच्या एका मोलचे ग्रॅममधील वजन त्याच्या अणुभाराइतके भरते. म्हणून अणुभार चुकला की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

तोलण्याचा प्रश्न जर्मनीतील गीसेन येथे युस्टुस लीबिग याने १८३१ मध्ये सोडवला. सेंद्रिय पदार्थ कॉपर ऑक्साइडबरोबर काचेच्या नळीत तापवून पूर्ण जाळायचा, निघणारी वाफ कॅल्शियम क्लोराइडने भरलेल्या नळीत शोषून घ्यायची आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड पाच फुगे असलेल्या, दाहक पोटॅशचे द्रावण भरलेल्या काचपात्रातून सोडायचा, अशी ही रीत होती. दोन्ही पात्रांचे वजन आधी आणि नंतर घेतले की काम झाले. वायूचे आकारमान मोजण्याची जुनी कटकट त्यामुळे संपली.

व्हिनेगरला आंबटपणा देणाऱ्या ॲसिटिक आम्लाचे उदाहरण घ्यावे. ०.६० ग्रॅम आम्ल जाळल्यास ०.८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.३६ ग्रॅम पाणी मिळते. कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४ असल्याने तो ०.०२ मोल, म्हणजे कार्बनही ०.०२ मोल, पाणी ०.०२ मोल आणि त्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू, म्हणून हायड्रोजन ०.०४ मोल. या दोहोंचे वजन ०.२८ ग्रॅम होते, तेव्हा उरलेले ०.३२ ग्रॅम ऑक्सिजनचे, म्हणजे ०.०२ मोल. मूळ आम्ल ०.०१ मोल असल्याने त्याच्या एका मोलमध्ये दोन मोल कार्बन, चार मोल हायड्रोजन आणि दोन मोल ऑक्सिजन असतो.

हाच हिशेब कार्बनचा भार ६ आणि ऑक्सिजनचा ८ धरून केला, तर तिन्ही मूलद्रव्यांचे अंक चार-चार येतात, आणि गंमत म्हणजे बेरीज पुन्हा ६०च भरते! तराजू दोन्ही पक्षांना सारखीच साक्ष देत होता. घोळाचे मूळ जॉन डाल्टनच्या गृहीतकात होते: दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग ठाऊक असेल, तर त्यात दोहोंचा एकेक अणू मानावा, आणि म्हणून पाण्यातही हायड्रोजनचा एकच अणू. समान तापमान व दाब असताना वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, हा आमेदेओ ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये मांडलेला सिद्धान्त हा घोळ तेव्हाच मिटवू शकला असता, पण त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. आउगुस्ट केकुले याने आपल्या पाठ्यपुस्तकात ॲसिटिक आम्लाची एकोणीस सूत्रे नोंदवली आहेत.

सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरुह येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेतही मतदानाने काही निष्पन्न झाले नाही, आणि असा प्रश्न हात वर करून सुटणाराही नव्हता. खरे काम केले ते समारोपाच्या वेळी वाटलेल्या स्तानिस्लाओ कान्नित्सारो याच्या पुस्तिकेने. ॲव्होगॅड्रोच्या सिद्धान्ताच्या आधारे वाफेच्या घनतेवरून रेणुभार काढून त्यात कार्बनचा वाटा किती, एवढेच पाहावे, ही त्याची युक्ती होती: कार्बन मोनॉक्साइडच्या २८ मध्ये १२, कार्बन डायऑक्साइडच्या ४४ मध्ये १२, ॲसिटिक आम्लाच्या ६० मध्ये २४. हा वाटा १२ पेक्षा कमी कोठेच येत नाही, म्हणून कार्बनचा अणुभार ६ नव्हे, १२.

ॲव्होगॅड्रोचे निधन या परिषदेच्या चार वर्षे आधी, १८५६ मध्ये झाले होते. एका मोलमधील कणांच्या संख्येला त्याचे नाव जाँ पेरँ याने १९०९ मध्ये दिले. स्वतः ॲव्होगॅड्रोने ती संख्या कधीच काढलेली नव्हती.