मिनेसोटा उपासमार प्रयोग
दीर्घ अर्धउपासमारीचे शरीर व मन यांवरील परिणाम अभ्यासण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये झालेला वैद्यकीय प्रयोग. युद्धग्रस्तांच्या पुनर्पोषणाची पद्धत ठरवण्यासाठी शरीरक्रियावैज्ञानिक ॲन्सेल कीझ यांनी तो आखला (पहा : कुपोषण). विवेकबुद्धीला स्मरून लष्करी सेवा नाकारलेले ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने सहभागी झाले. २४ आठवड्यांच्या अपुऱ्या आहाराने त्यांचे वजन सुमारे २५ टक्के घटले. नाडी मंदावली, थंडी सोसवेना, औदासीन्य आले. अन्नाखेरीज काही सुचेना : काहींनी पाककृतींची पुस्तके जमवली, ताटे चाटली, जेवण लांबवत नेले. निष्कर्ष १९५० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले. ॲनोरेक्सिया नर्व्होझा या आहारविकाराच्या रुग्णांतही असे वर्तन दिसत असल्याने, त्यातील बराच भाग उपासमारीचाच परिणाम असावा, या मताला त्यांतून आधार मिळाला (पहा : आहारविकार). कृश होण्याचा ध्यास मात्र या तरुणांत नव्हता. तेवढी ही तुलना अपुरी ठरते.